शालेय मंडळे आणि सामाजिक भांडवल : दिल्लीतील अनुभवाचा धडा

शिक्षणाचे अर्थशास्त्र अभ्यासताना प्रथम भेटते ती मानवी भांडवलाची संकल्पना. थिओडोर शुल्ट्झ व गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात ती मांडली. शिक्षणावरील खर्च हा केवळ उपभोग नसून गुंतवणूक आहे आणि वाढीव उत्पादकता हा तिचा परतावा आहे, हे तिचे सार होय. मात्र शाळेत वर्गाबाहेरही बरेच काही घडत असते. क्रीडागट, इको क्लब, वक्तृत्व व नाट्य मंडळे, राष्ट्रीय सेवा योजना, स्नेहसंमेलन या उपक्रमांना 'अभ्यासेतर' म्हणून दुय्यम मानले जाते. त्यातून निर्माण होणारे भांडवल वेगळ्या प्रकारचे असते.

सामाजिक भांडवलाचे दोन प्रकार

परस्परविश्वास, सहकार्याच्या सवयी आणि संबंधांचे जाळे यांना एकत्रितपणे सामाजिक भांडवल म्हटले जाते. जेम्स कोलमन यांनी १९८८ मध्ये त्याचा संबंध मानवी भांडवलाच्या निर्मितीशी जोडला. पुढे रॉबर्ट पुटनाम यांनी त्याच्या दोन प्रकारांतील भेद विशेष चर्चेत आणला. एकसारख्या लोकांना घट्ट बांधणारे ते समूहांतर्गत भांडवल. भिन्न वर्गांतील लोकांना जोडणारे ते सेतुरूप भांडवल. शाळेतील एखादे मंडळ यांपैकी कोणते भांडवल निर्माण करते, हे त्याच्या नावावर अथवा उद्दिष्टावर नव्हे, तर त्यात कोण कोणाबरोबर काम करते यावर अवलंबून असते.

दिल्लीतील नैसर्गिक प्रयोग

या विधानाला दिल्लीतून भक्कम पुरावा मिळाला आहे. २००७ मधील धोरणबदलानुसार दिल्लीतील अनेक खाजगी शाळांना २० टक्के जागा गरीब कुटुंबांतील मुलांसाठी राखून ठेवणे व त्यांचे शुल्क माफ करणे बंधनकारक झाले. ही अट नव्या प्रवेशांना लागू झाल्याने खालच्या वर्गांत संमिश्र तुकड्या आल्या, तर वरचे वर्ग पूर्वीसारखेच राहिले. या फरकाच्या आधारे अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी प्राथमिक वर्गांतील सधन विद्यार्थ्यांच्या वर्तनाचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यातील एक प्रयोग रिले शर्यतीचा होता. संघासाठी सहकारी निवडताना वेगवान पण गरीब मूल घ्यावे की संथ पण सधन मूल, असा पेच सधन मुलांपुढे होता. बक्षिसाची रक्कम ५०० रुपये असताना गरीब मुलाला डावलण्याचे प्रमाण अत्यल्प होते. ती ५० रुपयांवर येताच हे प्रमाण बरेच वाढले. भेदभावाची किंमत कमी असेल तेव्हा तो अधिक केला जातो, हा येथील अर्थशास्त्रीय बोध. ज्यांच्या वर्गात गरीब सहाध्यायी होते, त्या मुलांमध्ये मात्र असा भेदभाव कमी आढळला. शाळेतील सेवाकार्यात स्वेच्छेने भाग घेण्याचे त्यांचे प्रमाणही वाढले. अभ्यासातील गुणवत्तेवरील परिणाम संमिश्र व एकूणात किरकोळ होता.

हा बदल मुख्यतः प्रत्यक्ष सहवासातून घडला, हा त्यातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय. काही शाळांत अभ्यासगट नावांच्या वर्णानुक्रमे पाडले जात. त्यामुळे कोणाच्या गटात कोण येणार हे मुलांच्या पसंतीवर अवलंबून नव्हते, आणि सहवासाचा परिणाम स्वतंत्रपणे तपासता आला.

माध्यमिक टप्प्यावरील जोखीम

१ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) नुसार विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना देणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तिच्यातून वगळल्या गेल्या. परंतु कायद्याची हमी इयत्ता आठवीपर्यंतच आहे. मंडळांचे उपक्रम जोमाने सुरू होतात ते नेमके त्यानंतरच्या वर्षांत.

शिवाय मंडळाचे सदस्यत्व सहसा ऐच्छिक असते. मुले आपल्या मित्रांबरोबरच नाव नोंदवितात. यंत्रमानव बनविण्याचे साहित्य, मॉडेल युनायटेड नेशन्सचे नोंदणी शुल्क, नाटकाची वेशभूषा, शाळा सुटल्यानंतरचा प्रवास हे खर्च शुल्कमाफीत मोडतीलच असे नाही. परिणामी वर्गात साधलेले मिश्रण मंडळात विरून जाते आणि समूहांतर्गत भांडवल तेवढे वाढते.

शासकीय शाळांतील प्रश्न वेगळा आहे. दिल्लीच्या शासकीय शाळांत २०२१ मध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' हा उपक्रम व्यापक स्वरूपात राबविण्यात आला. त्यात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना गटाने व्यवसाय उभारण्यासाठी प्रत्येकी २,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल देण्यात आले. पैशाची अडचण अशा रीतीने दूर करता येते. परंतु सधन कुटुंबांची मुले ज्या शाळांत फारशी नाहीत, तेथे गट कसेही पाडले तरी वर्गावर्गांमधील सेतू शाळेच्या आत उभा राहू शकत नाही. त्यासाठी शेजारच्या शाळांचे संयुक्त उपक्रम लागतील.

धोरणाची दिशा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अभ्यासक्रमीय व अभ्यासेतर अशी कठोर विभागणी नाकारली आहे. या भूमिकेला अर्थ यायचा असेल तर तीन गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, उपक्रमांचे गट पसंतीने न पाडता वर्णानुक्रमे अथवा चिठ्ठ्या टाकून पाडणे. दुसरी, उपक्रमांचा खर्च शुल्कमाफीत समाविष्ट करणे. तिसरी, दिल्ली, गुरुग्राम, नोएडा यांसारख्या शहरांत खाजगी व शासकीय शाळांनी इको क्लब, क्रीडास्पर्धा व सेवाकार्य एकत्र चालविणे.

यांपैकी पहिल्या उपायाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. सहकार्याच्या सवयीचा लाभ केवळ ती शिकणाऱ्या मुलाला नव्हे, तर साऱ्या समाजाला मिळतो. अशा बाह्य लाभांची निर्मिती केवळ वैयक्तिक निवडीवर सोडली तर ती अपुरी राहते, हे सार्वजनिक वित्ताचे परिचित तत्त्व आहे. शाळेतील मंडळांनाही ते तितकेच लागू पडते.