जपानमधलं शिक्षण आणि वर्गाबाहेरच्या संध्याकाळी

पुण्यातली आई रात्रीची जेवणं आटोपून साडेनऊला मुलाला व्हिडिओ कॉल लावते, तेव्हा टोकियोत रात्रीचा एक वाजलेला असतो. मुलाच्या मागे गाण्यांचा गोंगाट ऐकू आला की घरच्यांची झोप उडते. ‘शिकायला पाठवलंय की उनाडायला?’ ही काळजी रास्तच आहे. पण त्या काळजीपोटी दिलेली ‘कॉलेज आणि खोली, बाकी कुठे जायचं नाही’ ही ताकीद मुलाच्या करिअरच्या मुळावर येऊ शकते.

जपानी कंपन्यांच्या मुलाखतींत नव्या पदवीधरांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: विद्यार्थिदशेत तुम्ही कशात जीव ओतलात? मुलं त्याला ‘गाकुचिका’ म्हणतात आणि त्याची तयारी कसून करतात. तिथे नुसते मार्क सांगून भागत नाही. क्लबात उचललेली जबाबदारी, पार्टटाइम नोकरीत सोडवलेली अडचण, प्राध्यापकांच्या अभ्यासगटात केलेलं काम, हे सांगावं लागतं. कंपनीची आतली माहिती काढायची असेल तर तिथे काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना भेटायची रीत आहे आणि ती ओळख बरेचदा ‘सेंपाई’, म्हणजे सीनियर, करून देतात.

हे सेंपाई भेटतात ‘सर्कल’मध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या छंदगटांत.

एप्रिलमध्ये शैक्षणिक वर्ष सुरू झालं की टेनिसपासून जॅझपर्यंत नाना सर्कलची मुलं कॅम्पसवर टेबलं मांडतात, पत्रकं वाटतात, नव्यांना जेवायला नेतात. इंग्रजी माध्यमाच्या अनेक अभ्यासक्रमांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पोहोचणाऱ्यांच्या वाट्याला ही धामधूम येत नाही, त्यांनी स्वतःहून चौकशी करावी. वासेदा विद्यापीठाचा नोव्हेंबरमधला महोत्सव विद्यार्थीच उभा करतात. अशा तयारीत राबलेल्या मुलाकडे मुलाखतीत सांगण्यासारखं बरंच असतं.

सर्कलची किंवा अभ्यासगटाची बैठक जमते ती ‘इझाकाया’त, म्हणजे खाण्यापिण्याच्या जपानी पबमध्ये. बसल्याबसल्या न मागवलेली एक छोटी वाटी समोर येते. ती फुकट नसते, बिलात तिचे माणशी काहीशे येन लागतात. सगळ्यांच्या हातात ग्लास आल्यावर ‘कानपाई’, म्हणजे ‘चीअर्स’, होतं, त्याआधी कुणी घोट घेत नाही. आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. दारू न घेणारा ऊलाँग चहा मागवतो आणि त्याच ग्लासाने कानपाई करतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आग्रह फारच झाला तर ठाम नकार द्यावा. बळजबरीने दारू पाजणं हा छळ आहे, हे विद्यापीठंही बजावून सांगतात. शाकाहारी मुलांनी मात्र प्रत्येक पदार्थ विचारून घ्यावा, कारण साध्या दिसणाऱ्या भाजीतही माशाचा अर्क असू शकतो.

मग पहाटेपर्यंत बाहेर राहण्याचं काय? टोकियोत बहुतेक मार्गांवरच्या शेवटच्या गाड्या मध्यरात्रीनंतर तासाभरात संपतात आणि पहिल्या साधारण साडेचार-पाचला सुटतात. टॅक्सी मुळातच महाग, त्यात रात्री 10 ते पहाटे 5 भाडं आणखी वीस टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे गाडी चुकलेली मुलं कराओकेची खोली घेऊन पहाटेची वाट पाहतात.

कायद्याच्या बाबतीत मात्र ढिलाई चालत नाही. एप्रिल 2022 पासून जपानमध्ये 18 वर्षांची व्यक्ती सज्ञान ठरते, पण दारू आणि तंबाखूसाठी वयाची अट 20 वर्षांचीच आहे. बारावीनंतर गेलेल्या मुलाला हे आधीच माहीत हवं. 1 नोव्हेंबर 2024 पासून दारू पिऊन सायकल चालवल्यास 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून गांजाचं सेवनही गुन्हा ठरलं. टोकियोतल्या शिबुया स्टेशनच्या परिसरात संध्याकाळी 6 ते पहाटे 5 रस्त्यावर दारू पिण्यास बंदी आहे. काबुकिचो या टोकियोतल्या बार-क्लबांच्या वस्तीत गोड बोलून बारमध्ये नेणाऱ्या दलालांच्या मागे जाऊ नये, आत अव्वाच्या सव्वा बिल हातात पडतं. निवासी कार्ड सतत जवळ बाळगावं लागतं.

परवानगी काढलेल्या विद्यार्थ्याला आठवड्याला 28 तास काम करता येतं, मोठ्या सुट्टीत दिवसाला 8 तास. होस्टेस बार किंवा पाचिंको या जुगारवजा खेळाच्या पार्लरमध्ये मात्र भांडी घासण्याचं कामही चालत नाही. हे नियम मोडले तर व्हिसाचं नूतनीकरण अडतं, मायदेशी परतण्याची वेळही येऊ शकते.

टोकियोतल्या निशि-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे, मराठी मंडळाचा गणेशोत्सवही होतो. सुरुवातीच्या एकटेपणात या आधाराचं मोल मोठं आहे. मात्र दर शनिवार-रविवार तिथेच गेला तर जपानी बोलणं सुधारत नाही, आणि मुलाखत बहुधा जपानीतच असते.

म्हणून निघण्यापूर्वी खर्चाचा तक्ता मांडताना फी आणि भाड्याच्या खाली भेटीगाठींचाही एक रकाना ठेवा. इझाकायातल्या एका संध्याकाळचे साधारण 3 ते 4 हजार येन होतात. महिन्याला अशा दोन संध्याकाळी धरल्या, तर किती पैसे घरून आणि किती पार्टटाइम कामातून, हे मुलासोबत बसून ठरवा. अडीअडचणीला टॅक्सीपुरती वेगळी रक्कम ठेवायला सांगा. मुलाचा जपानी लिपीतला पत्ता आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा क्रमांक घरीही लिहून ठेवा. पोलिसांसाठी 110 आणि रुग्णवाहिकेसाठी 119 हे क्रमांक मुलाला तोंडपाठ हवेत.