जात्यावरची ओवी आणि आजची सामूहिक कला

चित्र पाहिले की चित्रकार कोण, कविता वाचली की कवी कोण, असे आपण सहज विचारतो. हाच प्रश्न जात्यावरच्या ओवीबद्दल विचारला तर काय उत्तर येईल? भल्या पहाटे दोघीजणी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत. एकीने ओवी म्हणावी, दुसरीने सूर धरावा. ओवीची घडण आईकडून, सासूकडून आलेली. परंतु तिच्यात भावाचे, लेकीचे नाव घातलेले असे ते गाणारीनेच. म्हणजे ती ओवी साऱ्यांची, तशीच त्या एकटीचीही. आपल्या जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाईंनी दळणकांडणाला अभंगात स्थान दिले आणि त्या अभंगांवर आपली नाममुद्राही ठेवली. तेव्हा परंपरा म्हणजे निनावी, ही समजूत निदान आपण तरी बाळगू नये.

सामूहिक कामाला नियमही असतात. इर्जिक या चालीत एकाच्या शेतात गावचे बैल आणि औते जमत. मजुरी नसे; शेताच्या धन्याने सर्वांना जेवू घालायचे. सावडीत आज माझे, उद्या तुझे, असा फेर असे. देणे-घेणे तोंडी असले तरी त्याचा विसर पडत नसे.

या चालीशी जुळणारा विचार अलीकडे जागतिक कलेतही आला. जर्मनीतील कासेल येथे दर पाच वर्षांनी भरणाऱ्या 'डॉक्युमेंटा' या प्रदर्शनाची सूत्रे २०२२ साली इंडोनेशियातील 'रुआंगरुपा' या कलावंतगटाकडे होती. त्यांनी 'लुंबुंग' म्हणजे गावाचे सामायिक भाताचे कोठार ही कल्पना मुळाशी घेतली. निधीचा काही भाग सामायिक ठेवून सहभागी गटांनी विचारविनिमयाने वापरावा, असे ठरले. मात्र त्याच प्रदर्शनात एका गटाच्या भव्य फलकावरील ज्यूद्वेषी चित्रणावरून वादळ उठले व फलक उतरवावा लागला. याला जबाबदार कोण, हा प्रश्न मग साऱ्यांपुढेच आला. श्रेय वाटून घ्यायचे तर जबाबदारीही वाटून घ्यावी लागते, हाच त्यातला धडा.

रूढीतली कला दालनात गेली की काय होते, याचे जवळचे उदाहरण वारली चित्रांचे आहे. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा मान सुवासिनींचा. अनेक हातांनी तो पुरा होई. १९७०च्या दशकात ही चित्रे कागदावर येऊ लागली. जिव्या सोमा मशे यांच्या असामान्य प्रतिभेने ती जगभर पोचली. १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान सर्वस्वी योग्यच होता. परंतु ज्या सुवासिनींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले, त्यांतील किती जणींची नावे आपणांस सांगता येतील? कागदावर चित्राखाली सही आली. भिंतीवरच्या चौकाला सही नव्हती. दोष कोणा एकाचा नाही. सामूहिक कामाची नोंद कशी ठेवावी, हे आपल्या दालनांना ठाऊक नव्हते.

ते कसे करावे, याचे उत्तरही महाराष्ट्रातच सापडते. हेमा राईरकर व गी पॉइटविन यांच्या प्रकल्पाने खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. परभणी जिल्ह्यातील बायकांच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. ओवी सर्वांची असली, तरी या नोंदीमुळे ती कोणाच्या कंठातून आली हे पुसले गेले नाही.

घरोघरी गिरणीचे पीठ आले आणि जाते कोपऱ्यात गेले. ट्रॅक्टर आल्यावर इर्जिकही विरळ झाले. या चाली जशाच्या तशा परत येणार नाहीत, आणि बायकांचे पहाटेचे ते कष्ट परत यावेत असे कोणी म्हणूही नये. परंतु वाटून करण्याची रीत शिकण्याजोगी आहे. उद्या महाविद्यालयाच्या प्रदर्शनात आपण आजीची गोधडी मांडू, तेव्हा खाली नुसते 'लोककला' असे लिहून थांबू नये. लुगडी कोणाची, टाके कोणाकोणाचे, हे आजीला विचारावे आणि सगळी नावे लिहावीत. चिठ्ठी लहान पडली, तर मोठी घ्यावी.