टाकाऊ अक्षराचें मोल

चंद्रपूर व गडचिरोली ह्या वनप्रदेशांत सिकलसेल हें नांव अपरिचित नाहीं. सांधे ठणकतात, रक्त कमी होतें आणि घरांतील मूल वारंवार अंथरुणास खिळतें. मध्य भारतांतील ह्या विकाराविषयीं नागपूरच्या शुक्ला व सोळंकी ह्यांनीं १९५८ सालीं निबंध प्रसिद्ध केला. ह्या रोगाचें मूळ कोठें असतें, तें आपण येथें पाहूं.

रक्तास लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनचा एक घटक म्हणजे बीटा-ग्लोबिन. तो कसा घडवावा, ह्याचा लेख आपल्या ११ व्या गुणसूत्रावर ए, टी, जी, सी ह्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. ह्या लेखास जनुक म्हणतात. त्याची एक प्रत मातेकडून व एक पित्याकडून मिळते.

कचेरींतील मूळ दप्तर बाहेर जात नाहीं. त्याची नक्कल मिळते. पेशीचेंही तसेंच आहे. मूळ लेख केंद्रकांत राहतो व त्याची आरएनए नांवाची नक्कल होते. ही नक्कल सुमारें १,६०० अक्षरांची असते. तींत १३० व ८५० अक्षरांचे दोन मजकूर प्रथिनास निरुपयोगी असतात. पेशी ते कापून टाकते व उरलेले तीन तुकडे क्रमानें जोडते. जनुकें अशीं तुकड्यांनीं बनलेलीं असतात, हें रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प ह्यांनीं १९७७ सालीं दाखविलें. १९९३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

सिकलसेलमध्यें उपयोगी मजकुरांतील 'ए' ह्या एका अक्षराच्या जागीं 'टी' येतें. कापणी व जोडणी बिनचूक होते. परंतु चूक तशीच पुढें जाते, आणि प्राणवायु कमी झाला म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वांकतात.

बीटा-थॅलेसेमियाची गोष्ट याहून विलक्षण आहे. भारतांत सर्वांत अधिक आढळणारा त्याचा दोष पहिल्या टाकाऊ मजकुराच्या पांचव्या अक्षरांत असतो. तेथें 'जी' च्या जागीं 'सी' येतें. जें फेंकूनच द्यावयाचें, तें बदललें म्हणून काय बिघडलें? बिघडतें तें असें कीं, कोठें कापावें ह्याची खूण तेथेंच असते. खूण पुसट झाली म्हणजे कात्री भलत्या जागीं चालते, बहुतेक नकला वायां जातात व हिमोग्लोबिन अपुरें पडतें.

एकच प्रत सदोष असणारा मनुष्य वाहक होय. तो सहसा निरोगी असतो. दोघे वाहक विवाहबद्ध झाले तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. एक सिकलसेलचा व दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी धोका तितकाच. सिकलसेलच्या साध्या विद्राव्यता-चाचणींत थॅलेसेमिया दिसत नाहीं. ह्यास्तव विवाहापूर्वीं हिमोग्लोबिनची सविस्तर तपासणी करवून घ्यावी, अशी पालकांस आमची विनंति आहे.

आणि विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: हा कोणाचा शाप नव्हे, एकट्या मातेचा दोषही नव्हे. नकळत दोन्ही घरांकडून आलेलें हें एकेक अक्षर आहे. आणि जें वाचतां येतें, त्याविषयीं वेळींच सावध होतां येतें.