रक्कम कशासाठी हवी, ते लिही

चि. ऋतुजा हिस अनेक आशीर्वाद.

अभियांत्रिकीला नंबर लागल्याचं कळलं, फार आनंद झाला. दादा फोनवर सांगत होता, ट्रस्टच्या शैक्षणिक मदतीचा फॉर्म घरी आणून आठवडा झाला, पण पोरगी हात लावत नाही; "लोकांपुढे पदर कशाला पसरायचा" म्हणते. तेवढ्यासाठी हे पत्र.

आपल्या तालुक्यात भाई कोतवालांचं नाव घेतल्याशिवाय सभा सुरू होत नाही. १९१२ साली माथेरानला एका नाभिक कुटुंबात जन्मलेला हा मुलगा शिकून वकील झाला. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की शेतकरी सावकाराच्या दारात जायचा, आणि सुगीत खळ्यावरचं पीक सावकाराच्या घरी जायचं. कोतवालांनी त्यावर धान्यकोठ्या काढल्या. अडीनडीला कोठीतून भात न्यायचं, पीक आलं की परत घालायचं, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्याची चूल पेटते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. पोशीरच्या पोरीला ट्रस्टच्या पैशाकडे बघायचं असेल तर त्या कोठीकडे बघतात तसं बघावं.

ट्रस्टचा पैसा येतो कुठून, हेही माहीत असू दे. कोणीतरी देणगी देतो, ती कायमनिधी म्हणून बँकेत ठेवतात आणि वाटायचं ते फक्त व्याज. दहा लाखांचा निधी सात टक्क्यांनी ठेवला असं धर. वर्षाला सत्तर हजार झाले, दहा मुलांत वाटले तर प्रत्येकी सात हजार. म्हणून विश्वस्त रकमा कापतात. त्यात कंजूषपणा नसतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टला दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयाकडे द्यावा लागतो. आयकराची सूट टिकवायची तर उत्पन्नातले साधारण ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करावे लागतात. गावच्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेला पैसा त्या मुलांपर्यंत गेला नाही तर अडचण ट्रस्टचीच होते. चांगला, नीट भरलेला अर्ज त्यांनाही हवाच असतो.

आता तो अर्ज. बहुतेक मुलं "कशासाठी मदत हवी?" या रकान्यात एकच शब्द लिहितात: फी. तुझ्या बाबतीत ते चुकेल. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं. तू त्यात बसतेस. तो अर्ज महाडीबीटीवर वेगळा आणि वेळेत कर, त्यात हयगय नको. मग उरतं काय? पहिल्या वर्षाचा ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, कॅल्क्युलेटर, वर्कशॉपचा गणवेश, जर्नल्स. आणि सगळ्यात मोठा, रोजचा प्रवास. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट होता, तो आता संपला. पोशीरहून नेरळ स्टेशनपर्यंतचं भाडं, पुढे लोकलचा पास, हे रोज, पावसात सुद्धा. हा खर्च कुठल्याच सरकारी रकान्यात नीट बसत नाही, आणि पहिल्या सहामाहीत मुली गळतात त्या पुष्कळदा इथेच. तोच मांड. वस्तूंच्या किमती दुकानात विचारून लिही. महिन्याचं भाडं गुणून वर्षाचं काढ. घरून किती निघेल तेही खरं लिही. दादाची भातशेती किती आणि खंडानं किती, हे लपवायचं कारण नाही. गावातले विश्वस्त तुमचं शेत बांधावरून ओळखतात.

मदत गुणांवर मिळते की गरजेवर, आणि ती परत करायची असते का, हे आधी विचारून घे. चिंतामणराव देशमुख, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ती गुणांवरची शिष्यवृत्ती. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली परदेशी शिक्षणाची मदत मात्र परतफेडीची. के. आर. नारायणन यांच्यासारखे पुढे राष्ट्रपती झालेले विद्यार्थीही त्यावर शिकले. परत आलेल्या पैशातून नवी मुलं जातात.

अटी वाचल्याशिवाय सही करू नकोस. बाबासाहेबांना सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये कोलंबियाला पाठवलं ते करार करूनच: शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. पुढे लंडनमध्ये प्रबंध अर्धा असताना १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. त्यांनी काय केलं बघ. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये लंडन गाठलं. केवढी चिकाटी! मदतीची मुदत आपल्या अभ्यासक्रमाच्या आधी संपू शकते, हे त्यांनी ओळखलं होतं. तुझा अभ्यासक्रम चार वर्षांचा. ही मदत एका वर्षाची की दरवर्षी, पुन्हा मिळायला किती टक्के लागतात, एखादा विषय राहिला तर काय, हे विश्वस्तांना लेखी विचार. विचारणाऱ्या मुलीवर कोणी रागावत नाही.

ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हाती यायला वेळ लागतो. आजच अर्ज टाक. आणि जाताना वाडीवरच्या तुझ्या त्या वर्गमैत्रिणीला बरोबर घे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी घरात कागद एका जागी राहत नाहीत. मदत "गावच्या रहिवाशांसाठी" असते आणि पिढ्यान् पिढ्या इथंच राहिलेली ही माणसं दाखल्यावाचून त्यातून सुटतात. तिच्यासाठी आदिवासी विकास विभागाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी आहे. तिला जातीचा दाखला लागेल. सरपंचांना मी फोन करतो, पण शाळेतून तिच्या दाखल्याची प्रत काढायला तूच जा, ती एकटी जायला बिचकेल.

फॉर्म कच्चा भरून त्याचा फोटो रविवारपर्यंत पाठव. दादा-वहिनींना नमस्कार सांग, आजीच्या गोळ्या संपत आल्या असतील त्या बघ.

तुझा,
काका