नाताळचा केक आणि आपलीं करवंदें

नाताळच्या केकांतील लाल चेरी विलायतेहून आली असावी, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः आपल्या बाजारांत चेरी म्हणून मिळणारीं फळें बहुधा पाकांत मुरवून रंगविलेलीं करवंदेंच असतात. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत ओरखडे सोसून आपण ज्या जाळ्या धुंडाळतों, तेथलेंच हें फळ! इ. स. १८८३ मध्यें मलबारांतील तेलिचेरीस मांबळी बापू यांनीं नाताळचा केक भाजला, असें तेथें अभिमानानें सांगतात.

हा केक आठवडेच्या आठवडे कां टिकतो? फळांत मुरलेली साखर पाणी बांधून ठेवते. बुरशीस जगण्यापुरतें पाणी उरत नाहीं. कैरीचा मुरांबाही याच न्यायानें टिकतो. मनुका आधीं संत्र्याच्या रसांत भिजवाव्या, नाहीं तर त्या केकांतील ओल शोषून घेतात. मग निथळून कोरड्या पिठांत घोळाव्या, म्हणजे तळाशीं बसत नाहींत. भट्टी नसल्यास जाड पातेल्यांत वाळू तापवून तींत डबा ठेवावा व झांकणावर निखारे घालावे. आंच मंदच हवी. फळांनीं जड झालेला केक आंतून सावकाश भाजतो, आणि घाईनें काढल्यास मध्यें खचतो. सुरी मात्र दुसऱ्या दिवशीं लावावी. घरांत मुलें असतां कृतीचा हाच भाग आम्हांस सर्वांत अवघड वाटतो.