‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ : उत्तर आणायचं कुठून?

सुरुवातीलाच कबुली देते. माझं शिक्षण केजीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीचा माझा संबंध घरी आजीशी बोलण्यापुरता आणि परीक्षेत पास होण्यापुरता. हा लेख माझ्या रूममेटने तपासून दिलाय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या चुका उरल्या असतील त्या तिच्या खात्यात लिहाव्यात!

हे सांगायचं कारण असं की इंटरव्ह्यू म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये एक समज पक्का आहे : ज्याचं इंग्लिश फाडफाड, त्याचं सिलेक्शन झालंच म्हणून समजा. मलाही तसंच वाटायचं. डिसेंबरमध्ये एका कंपनीच्या इंटर्नशिपसाठी मुलाखत द्यायला गेले आणि तो समज बारा मिनिटांत उतरला.

झालं असं. पहिला प्रश्न अर्थातच ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’. माझं तर ते तोंडपाठ! मी हार्डवर्किंग आहे, टीम प्लेअर आहे, क्विक लर्नर आहे, दीड मिनिट न अडखळता बोलले. समोरचे सर शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी रेझ्युमेवर बोट ठेवून विचारलं, “लाइन फॉलोअर रोबो केलाय ना? त्यात काही अडचण आली का?” मी म्हटलं, “येस सर, वी फेस्ड मेनी चॅलेंजेस अँड ओव्हरकेम देम अ‍ॅज अ टीम.” ते म्हणाले, “एक सांग.” आणि माझी गाडी तिथेच थांबली. अजून दोन-तीन प्रश्न झाले, थँक यू झालं, आणि लिस्टमध्ये नाव आलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. रात्री रूमवर येऊन रडून झाल्यावर रूममेटने विचारलं, “अगं, पण तो रोबो डेमोच्या दिवशी खिडकीपाशी वेडा झाला होता ना? तूच तर त्याला टोपी घातली होतीस!” खरंच होतं. लॅबमध्ये ट्यूबलाइटखाली आमचा रोबो काळ्या पट्टीवरून नीट चालायचा. डेमोला टेबल खिडकीजवळ लागलं आणि तो पट्टी सोडून भलतीकडेच जायला लागला. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. आमचे सेन्सर इन्फ्रारेडवरच चालणारे, त्यामुळे पांढरं कुठलं आणि काळं कुठलं हे त्यांना कळेना. मी प्रॅक्टिकलच्या फाइलचा काळा कागद कापून सेन्सरभोवती आडोसा केला, कंपॅरेटरचा प्रीसेट फिरवून पुन्हा सेट केला, आणि रोबो चालला. हे सगळं मी स्वतः केलं होतं. पण सरांनी विचारलं तेव्हा हे आठवलंच नाही, कारण ‘एवढीशी गोष्ट काय सांगायची’ असं डोक्यात होतं. तिथे काहीतरी मोठं, इंग्लिश पुस्तकातल्यासारखं सांगायचं असतं असं वाटत होतं.

म्हणजे उत्तर माझ्याकडे होतं. पाठ केलेल्या वाक्यांनी ते झाकलं गेलं.

माझ्या रूममेटची अडचण नेमकी उलटी. ती सांगोल्याकडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. तिच्याकडे सांगायला खूप असतं, पण पहिलं वाक्य इंग्लिशमध्ये जुळेपर्यंत समोरचा पुढच्या प्रश्नावर जातो. माझं वाक्य विचाराच्या आधी बाहेर पडतं, तिचा विचार वाक्यासाठी ताटकळत उभा राहतो. आम्ही दोघींनी मिळून जानेवारीपासून जी तयारी केली, ती इथे सांगते. कारण ऑगस्टपासून प्लेसमेंट सुरू झालं की कुणाला वेळ मिळणार नाही.

आम्ही एक वही केली. तिचं नाव जमाखर्च. त्यात प्रश्न नाही लिहिले, घटना लिहिल्या. एफईपासून आजपर्यंत आपण स्वतः काय काय केलं ते आठवून : प्रोजेक्ट, गॅदरिंगची वर्गणी, मेस कमिटीतलं भांडण, नापास झालेला विषय, बंद पडलेलं मशीन, घरच्या दुकानाचा हिशोब. प्रत्येक घटनेखाली चार ओळी. परिस्थिती काय होती, त्यात माझी जबाबदारी कोणती, मी काय केलं, शेवटी काय झालं. इंग्लिशमध्ये याला ‘स्टार’ पद्धत म्हणतात, प्लेसमेंट सेलच्या ट्रेनिंगमध्येही सांगतात. पण तिथे आपण फक्त नाव लिहून घेतो. वहीत लिहायला बसलं की कळतं, तिसरी ओळ सर्वांत अवघड. ‘आम्ही केलं’ असं पटकन लिहिलं जातं. ‘मी केलं’ लिहायचं म्हणजे नक्की काय केलं ते आठवावं लागतं. माझ्या सहा घटनांपैकी दोन तर इथेच गळाल्या, कारण त्यात मी फक्त ग्रुपमध्ये होते! त्या रेझ्युमेमधूनही काढल्या.

ही वही दोघींनीही मराठीत लिहिली. तिच्यासाठी सोयीचं म्हणून, आणि माझ्यासाठी मुद्दाम गैरसोयीचं म्हणून. मराठीत ‘आय अ‍ॅम अ क्विक लर्नर’ म्हणून बघा. ‘मी लवकर शिकते’. लगेच आजी विचारते, “काय शिकलीस?” तोच तर मुलाखतीतला पुढचा प्रश्न असतो. मराठीत घटना पक्की झाल्यावर ती साध्या इंग्लिशमध्ये, छोट्या वाक्यांत मोठ्याने सांगायची. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचं. पहिलं रेकॉर्डिंग ऐकून मला स्वतःचाच राग आला, दर चार शब्दांनी ‘बेसिकली’.

आठ-दहा घटना तयार झाल्या की लक्षात येतं की नेहमीचे प्रश्न म्हणजे याच घटनांकडे जाणारे वेगवेगळे रस्ते आहेत. अडचण कशी सोडवलीस, टीममध्ये वाद झाला तेव्हा काय केलंस, कधी अपयश आलं का. आणि हे प्रश्न सगळीकडे सारखेच का, तर त्यालाही कारण आहे. सगळ्या उमेदवारांना ठरावीक तेच प्रश्न विचारून ठरावीक मापाने गुण दिले, तर पुढे कामात कोण चांगलं ठरेल याचा अंदाज नुसत्या गप्पांपेक्षा बरा येतो, असं १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले, तेव्हाही अशा ठरावीक मुलाखतीचा नंबर वरच राहिला. म्हणजे प्रश्न माहीत असणं ही चोरी नाही. पेपर आधीच फुटलेला आहे, उत्तर मात्र स्वतःचं लागतं.

आता एकेक प्रश्न.

‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’मध्ये वडिलांचं नाव, नेटिव्ह प्लेस, मदर इज हाउसवाइफ, हॉबी क्रिकेट, हे बायोडाटासारखं सांगू नका. ते लग्नाच्या स्थळासाठी ठीक आहे. मिनिट-सव्वा मिनिटात तीन गोष्टी पुरतात : आत्ता काय शिकतोय, त्यातलं कोणतं एक काम मनापासून केलं, आणि या नोकरीशी त्याचा काय संबंध. रूममेटचं उत्तर असं सुरू होतं : “मी ईअँडटीसीला आहे. डिप्लोमा असल्यामुळे सोल्डरिंग आणि सर्किट टेस्टिंगचा हात आहे. शेवटच्या वर्षी विहिरीच्या मोटारीसाठी फोनवरून चालणारा स्टार्टर केला, तो अजून आमच्या शेतावर चालू आहे.” शेवटचं वाक्य ऐकून कुठलाही इंजिनिअर पुढचा प्रश्न त्याबद्दलच विचारणार. म्हणजे पेपर कुठल्या धड्यावर निघणार हे आपणच ठरवलं.

‘वीकनेस’ला ‘आय अ‍ॅम अ परफेक्शनिस्ट’ हे उत्तर आता बंद करा. चॅटजीपीटी २०२२ च्या शेवटी आलं, तेव्हापासून तर सगळ्यांची उत्तरं एकाच साच्यातून निघाल्यासारखी वाटतात. आमच्या मॉक इंटरव्ह्यूला नऊ जण होते, त्यातले पाच परफेक्शनिस्ट! सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवणाऱ्यांत परफेक्शनिस्ट कुठून आले? खरी पण नोकरीला न बाधणारी उणीव सांगा आणि त्यावर काय करताय तेही सांगा. माझी : अडले की कुणाला विचारायला उशीर करते. आता तासभर स्वतः प्रयत्न, मग विचारायचंच, असा नियम केलाय. सरावात हे सांगताना बरं वाटलं नाही, पण त्यावर उलटा प्रश्न आला तर मला उत्तर देता येतं.

बॅकलॉग, वायडी, गॅप. यावर हॉस्टेलमध्ये सर्वांत जास्त घबराट असते. मार्कशीट फाइलमध्येच असते, लपवणार काय? आणि खोटं पकडलं गेलं तर हातातलं ऑफर लेटरही जाऊ शकतं. रूममेटला एम-थ्रीत एटीकेटी होती. तिने आधी मोठी कहाणी तयार केली होती : डायरेक्ट सेकंड इयर, एम-वन एम-टू झालेलं नाही, पेपर कडक तपासला. आम्ही ती कापत कापत तीन वाक्यांवर आणली. “एम-थ्रीत नापास झाले. डिप्लोमाचं गणित पुरेल असं वाटलं, ते चुकलं. सुट्टीत इंटिग्रेशन पहिल्यापासून केलं आणि पुढच्या वेळी सुटले.” एवढंच, आणि गप्प बसायचं. गप्प बसणं फार अवघड असतं, त्याचाही सराव लागतो.

मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांना आयटी कंपनीत हमखास विचारतात, “कोअर सोडून इकडे का?” ‘पॅशन फॉर कोडिंग’ म्हणाल तर पुढचा प्रश्न असेल, दाखवा काय लिहिलंय. थोडं तरी लिहिलेलं असू द्या. तसंच कंपनीची माहिती. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली हे सगळ्यांना पाठ असतं. पण ज्या कंपनीत जातोय ती आज नक्की काय बनवते, कुणाला विकते, आपण गेलो तर कुठल्या खात्यात बसणार, हे फार थोड्यांना सांगता येतं. मागच्या बॅचच्या सिनिअरला एक फोन केला तरी कळतं. ‘पाच वर्षांनी कुठे असाल’ या प्रश्नाचा मात्र बाऊ नको. काय शिकायचंय ते सांगा, मॅनेजरची खुर्ची मागू नका.

मुलींना अजूनही आडून विचारतात : लग्नाचं काय? बदली चालेल का? घरचे शिफ्टला पाठवतील का? १९७४ मध्ये सुधा कुलकर्णींना, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींना, टेल्कोची ‘महिलांनी अर्ज करू नये’ अशी जाहिरात दिसली. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, पुण्यात मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली. आज तशी जाहिरात कुणी लिहीत नाही, पण प्रश्न उरलेत. माझं मत : लग्नाच्या प्रश्नावर रागावू नये आणि लाजूही नये. “या कामासाठी जिथे पाठवाल तिथे जायची तयारी आहे” हे कामाबद्दलचं उत्तर द्यावं. तयारी नसेल तर तसं सांगावं. मात्र हे घरी आधी बोलून घ्या. मुलाखतीत ‘चालेल’ म्हणून नंतर बाबांना रिजनल मॅनेजरला फोन करायला लावलेली एक ताई मला माहीत आहे.

टेक्निकलमध्ये एखादं येत नसेल तर? १९२१ मध्ये थॉमस एडिसनने नोकरीसाठी येणाऱ्यांना लांबलचक प्रश्नपत्रिका द्यायला सुरुवात केली होती. त्याच वर्षी आइन्स्टाइन बोस्टनला आले असताना त्यांना त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला गेला. पुस्तकात सहज मिळणारी माहिती मी डोक्यात ठेवत नाही, असं ते म्हणाले. आपण आइन्स्टाइन नाही, त्यामुळे सेकंदाला साधारण ३४३ मीटर हे पाठ असू द्या! पण ‘माहीत नाही’ म्हणण्यात कमीपणा नाही, तिथेच थांबण्यात आहे. एक्स्टर्नलसमोर ओरलला आपण गप्प उभे राहतो, तसं नको. मॉकमध्ये रूममेटला विचारलं, रिलेच्या कॉइलला उलटा डायोड का लावतात? ती म्हणाली, “नक्की आठवत नाही. पण कॉइल आहे म्हणजे करंट एकदम तुटला की मोठं उलटं व्होल्टेज तयार होणार, ट्रान्झिस्टर जाऊ नये म्हणून ते जिरवायला असेल.” बरोबरच होतं.

पगाराचं कॅम्पसला ठरलेलंच असतं, तिथे घासाघीस नको. पण ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ याला ‘नो सर’ म्हणू नका. ट्रेनिंग किती महिने, पोस्टिंग कसं ठरतं, बाँड असेल तर किती वर्षांचा आणि मोडला तर रक्कम किती, ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करावी लागतात का. हे सही करण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत, नंतर रडण्याचे नाहीत.

रूममेटला मार्चमध्ये इंटर्नशिप मिळाली. इंग्लिश अजून तुटकच आहे, पण मोटार स्टार्टरवर तिला पंचवीस मिनिटं विचारत होते. मला अजून मिळालेली नाही. पुढच्या आठवड्यात एक ऑनलाइन मुलाखत आहे आणि हॉस्टेलचं वायफाय तुम्हाला माहीतच आहे, म्हणून लायब्ररीच्या मॅडमकडून मागची खोली मागून घेतलीय.

आमचा मॉक इंटरव्ह्यू दर बुधवारी रात्री जेवणानंतर मेसच्या शेवटच्या टेबलावर असतो. येताना रेझ्युमेची एक कॉपी आणि स्वतःच्या तीन घटना मराठीत लिहून आणा. परफेक्शनिस्टांनीही यावं.