पाना निसटतो, बोटे सोलतात

प्रश्न : मी सुरतेत उधन्याला यंत्रमाग कारखान्यात फिटर आहे. नट सोडवताना पाना निसटून बोटे सोलतात. हातमोजे घालू का?

उत्तर : चालू मागाजवळ हातमोजे नकोतच. फिरत्या शाफ्टमध्ये कापड अडकले की हातही ओढला जातो. आधी माग बंद करा, मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावा. शेजारचा कामगार नकळत खटका दाबू शकतो.

पाना बहुधा निसटतो तो जबडा झिजल्याने किंवा माप मोठे असल्याने. नटाच्या मापाचाच घ्या आणि शक्यतो स्वतःकडे ओढा. ढकलताना निसटला तर बोटांची पेरे थेट बिडावर आपटतात. ढकलणे अटळच असेल, तर मूठ न वळता तळव्याने ढकला.

तुमच्या पेटीतली छिन्नीही एकदा पाहा. ठोकून ठोकून तिचे डोके छत्रीसारखे पसरले असेल, तर कडेचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. ती कड ग्राइंडरवर उतरवून घ्या, तेही चष्मा लावूनच. मूठ नसलेली कानस हातात धरू नका. तिचे टोक तळहातात घुसते.

खानदेशातून आलेली आपली पोरे जखमेला चिंधी बांधून पाळी संपवतात, याचे मला फार वाईट वाटते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा आणि अपघात नोंदवहीत लिहायला लावा. ईएसआय लागू असेल, तर कामावरच्या दुखापतीने तीन किंवा अधिक दिवस घरी बसावे लागल्यास वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. त्यासाठी आधी किती वर्गणी भरली याची अट नाही, पण अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या.